दोन कुलपांची पेटी

धर्मगुरूंच्या मागे लागलेल्या कार्यालयीन कामाची तक्रार आता जुनी झाली. उपासना, प्रवचन, आजाऱ्यांची भेट, अंत्यविधी आणि घराघरांतली विचारपूस यांसाठी ज्याने दीक्षा घेतली, तो माणूस हिशेब, परवाने, विमा, छपराची गळती आणि वरून आलेले तक्ते यांत अडकून पडतो, हे इंग्लंडच्या खेड्यांपासून वसईच्या धर्मग्रामांपर्यंत बोलले जाते. त्यावरचा उपायही जवळपास सर्वमान्य झाला आहे. संगणक द्या, ॲप द्या, सगळे ऑनलाइन करा. कागद गेला की ओझे गेले. ही समजूत वरवरची आहे, असे माझे म्हणणे आहे. धर्मगुरूच्या टेबलावरचा कागद हे ओझ्याचे फक्त दिसणारे रूप. खरे ओझे त्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचे असते. प्रश्न विचारणारे कार्यालय एक असते, उत्तर शोधून भरणारे हजारो असतात, आणि तो सगळा खर्च उत्तर देणाऱ्यावर पडतो. ज्याला खर्च पडत नाही तो प्रश्न कमी करत नाही. डिजिटल साधनाने विचारणाऱ्याचा उरलासुरला खर्चही नाहीसा होतो. म्हणून सुधारणेचा क्रम ठरलेला असायला हवा: आधी प्रश्न रद्द करावेत, मग उरलेल्या कामाचा धनी ठरवावा, आणि साधन शेवटी आणावे. क्रम उलटला तर ओझे कागदावरून पडद्यावर जाते, एवढेच.

हे तपासण्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. तिथले चर्चचे कायदे हा देशाच्या कायद्याचाच भाग आहे, त्यामुळे नियम कधी वाढले आणि कधी कमी झाले याची नोंद सापडते. शिवाय गेल्या दहा-बारा वर्षांत या चर्चने ‘सुलभीकरण’ हा शब्द धोरण म्हणून स्वीकारला आणि त्याच काळात डिजिटल साधनेही आणली. दोन्हींचा परिणाम शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो.

१. ओझे आले कुठून

सन १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे धर्मग्रामाला, हुकूम दिला की बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद वहीत ठेवावी. दर रविवारी चर्चवॉर्डनांच्या, म्हणजे पॅरिशच्या प्रतिनिधींच्या, समक्ष आठवड्याच्या नोंदी करायच्या आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी वॉर्डनांकडे. लोकांना लगेच शंका आली की हा नवा कर बसवण्याचा डाव आहे. शंका तेव्हा चुकीची ठरली, पण तिच्यामागची जाण खरी होती: ही नोंद उपासनेसाठी नव्हती, राज्यासाठी होती. त्या दिवसापासून इंग्लिश धर्मगुरू राज्याचा बिनपगारी कारकूनही झाला. पुढे १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणाची व्यवस्था पॅरिशवर आली. रस्त्यांची डागडुजीही पॅरिशकडेच होती. चर्चच्या लहानशा खोलीत भरणारी ‘व्हेस्ट्री’ ही सभा म्हणजे त्या काळची ग्रामपंचायतच होती.

हे ओझे कमी कशाने झाले, हे पाहण्यासारखे आहे. १८३४ मध्ये गरिबांची व्यवस्था स्वतंत्र मंडळांकडे गेली. १८३७ पासून जन्म आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी सुरू झाली. १८९४ च्या कायद्याने ग्रामीण पॅरिशची नागरी कामे निवडून आलेल्या परिषदांकडे सोपवली. तिन्ही वेळा धर्मगुरूच्या हाती चांगली लेखणी किंवा वेगवान यंत्र आले म्हणून तो मोकळा झाला नाही. हे काम चर्चचे नाही, असे कोणीतरी ठरवले म्हणून तो मोकळा झाला. ओझे कमी करण्याचा इतिहासातला सर्वांत परिणामकारक मार्ग हाच राहिला आहे, आणि आजच्या चर्चेत नेमका तोच मागे पडतो.

२. माणसे घटली, संस्था तेवढ्याच

आजच्या तक्रारीचे दुसरे मूळ साध्या अंकगणितात आहे. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्च-इमारती आहेत, बारा हजारांहून अधिक पॅरिश आहेत आणि पूर्णवेळ वेतन घेणारे धर्मगुरू साधारण सात हजार आहेत. एक गाव, एक चर्च, एक धर्मगुरू हे कवी-धर्मगुरू जॉर्ज हर्बर्टच्या सतराव्या शतकातल्या लेखनाने इंग्लिश मनात रुजवलेले चित्र ग्रामीण भागात कधीच विरले. एकाच धर्मगुरूकडे चार, सहा, कधी त्याहून जास्त पॅरिश असतात. पण धर्मगुरू एक झाला तरी पॅरिश एक होत नाही. प्रत्येक पॅरिश ही कायद्याने वेगळी संस्था. तिची स्वतंत्र चर्च-परिषद, स्वतंत्र वार्षिक सभा, स्वतंत्र मतदारयादी, स्वतंत्र हिशेबतपासणी. इमारतीची दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून पाहणी व्हावी हे १९५५ च्या कायद्यापासूनचे बंधन, तेही प्रत्येक चर्चला वेगळे. मतदारयादी तर दर सहा वर्षांनी कोरी करून नव्याने भरायची. २०१९ मध्ये ती भरली आणि २०२५ मध्ये पुन्हा.

सहा पॅरिश सांभाळणाऱ्या धर्मगुरूला उत्तम सॉफ्टवेअर दिले तर काय होईल? सहा वार्षिक सभांची सूचना तो एका बटणावर पाठवू शकेल. पण सभा सहाच राहतील, हिशेब सहाच राहतील, सहा ठिकाणी खजिनदार शोधावा लागेल आणि तो मिळाला नाही तर धर्मगुरूलाच बसावे लागेल. संस्थांची संख्या हा गुणाकारातला मोठा आकडा आहे. साधन फक्त दुसरा, छोटा आकडा, म्हणजे एका कामाला लागणारा वेळ, कमी करते.

३. सुलभीकरण जिथे खरोखर झाले

चर्चने काही ठिकाणी विचारायच्या गोष्टीच कमी केल्या, आणि तिथेच फरक पडला. चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतींपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक संरक्षित वारसा आहेत. त्यांत कोणताही बदल करायचा तर चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाची परवानगी, म्हणजे ‘फॅकल्टी’, लागते. पूर्वी अगदी क्षुल्लक कामालाही ही लांबलचक प्रक्रिया लागू होण्याची भीती असे. २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनी देशभर दोन याद्या केल्या. पहिल्या यादीतल्या किरकोळ दुरुस्त्यांना कोणाची परवानगी नको. दुसऱ्या यादीतल्या कामांना आर्चडिकनची, म्हणजे बिशपच्या वरिष्ठ सहायकाची, लेखी संमती पुरे. उरलेल्यांनाच पूर्ण प्रक्रिया. २०१८ च्या एका कायद्याने जुन्या चर्च-कायद्यांतले जाचक भाग संक्षिप्त मार्गाने हटवण्याची सोय केली. २०२० मध्ये चर्चच्या प्रातिनिधिक नियमांची नवी मांडणी झाली आणि पॅरिशना आपल्या आकाराला साजेशी व्यवस्था निवडण्याची बरीच मुभा मिळाली.

कॅथॉलिक जगातले उदाहरण याहून ठळक आहे. विवाह मुळातच अवैध होता असा निवाडा हवा असेल, तर दोन न्यायासनांचे एकमत लागत असे. पहिला निकाल अनुकूल असला तरी प्रकरण आपोआप दुसऱ्या पायरीवर जाई. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही दुसऱ्या निकालाची सक्तीच काढून टाकली. अपिलाचा हक्क कायम राहिला, सक्ती गेली. या एका वाक्याने जगभरच्या धर्मप्रांतांतले जेवढे काम वाचले, तेवढे कोणत्याही संगणकप्रणालीने वाचवले नसते. या सगळ्या सुधारणांचा धागा एकच. कुणीतरी अधिकाराच्या जागेवरून म्हणाले की ही गोष्ट आम्ही यापुढे विचारणार नाही. ते म्हणायला धैर्य लागते, कारण न विचारलेल्या गोष्टीत उद्या चूक निघाली तर उत्तर न विचारणाऱ्याला द्यावे लागते. पोर्टल उघडायला असे धैर्य लागत नाही.

४. साधनाने नेमके काय बदलते

कागदाच्या काळात प्रश्न विचारणाऱ्यालाही थोडा खर्च होता. तक्ता छापायचा, टपालाने पाठवायचा, परत आलेल्या प्रती उघडून कारकुनाकडून बेरीज करून घ्यायची. एक जादा रकाना म्हणजे मुख्यालयात एका माणसाचे आणखी काही दिवस. म्हणून रकाने वाढवताना हात आखडता घेतला जाई. ऑनलाइन तक्त्यात जादा रकाना फुकट पडतो. बेरीज यंत्र करते, टंकलेखन पॅरिशमध्ये होते. मुख्यालयातल्या कारकुनाचे काम धर्मगुरूकडे सरकले आणि त्याला ‘सुविधा’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक अशैक्षणिक कामांविषयी इतकी वर्षे जे सांगत आहेत ते हेच. माहिती ऑनलाइन झाली म्हणून मागणी घटली नाही. मागणे सोपे झाले म्हणून ती वाढली.

इंग्लंडमधल्या विवाहनोंदणीत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. १८३७ पासून धर्मगुरू विवाहाच्या नोंदी हाताने दोन वह्यांत करत आले होते. ४ मे २०२१ पासून ती पद्धत संपली. आता एकच कागद आधी तयार करायचा, वधूवर, साक्षीदार आणि धर्मगुरू यांनी त्यावर सह्या करायच्या आणि तो नोंदणी कार्यालयाकडे द्यायचा. अंतिम नोंद तिथे संगणकात होते. त्याच वेळी वधूवरांच्या आईचे नावही प्रथमच नोंदीत आले. ही चांगली सुधारणा आहे, कारण तीत नोंदीचा धनी बदलला: राज्याची नोंद राज्याने ठेवावी. पण चर्चच्या वह्या बंद होताच चर्चने झालेल्या विवाहविधींसाठी स्वतःची नवी नोंदवही सुरू केली. भावनेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. ओझ्याच्या दृष्टीने मात्र एका दाराने बाहेर काढलेली वही दुसऱ्या दाराने आत आली. नोंद ठेवण्याची सवय साधनापेक्षा चिवट असते.

परवानगीच्या याद्यांचेही असेच. २०२० मध्ये चर्चच्या सिनडने, म्हणजे धोरण ठरवणाऱ्या सभेने, २०३० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ध्येय ठेवले. त्याला धरून २०२२ मध्ये याद्या बदलल्या; काही हरित कामे सोपी झाली, तर जुना तेलावरचा बॉयलर काढून तसाच नवा बसवणे अवघड झाले. ध्येय योग्य असू शकते. पण प्रत्येक योग्य ध्येय आपल्याबरोबर एक तक्ता आणते, आणि ध्येय ठरवणाऱ्या सभेपुढे त्या तक्त्याचा हिशेब मांडला जात नाही.

साधन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. ‘एकदाच विचारा’ या तत्त्वावर बांधलेले साधन खरोखर ओझे उतरवते. एस्टोनियाने आपल्या राज्यकारभारात हे तत्त्व कायद्यात आणले: जी माहिती राज्याकडे आधीच आहे ती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही. कॅथॉलिक चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही तर या कल्पनेचा संगणकपूर्व नमुना आहे. कॅनन कायद्यानुसार दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा यांची नोंद त्या व्यक्तीच्या बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीशेजारी होते, मग तो विधी जगात कुठेही होवो. एका माणसाची एकच नोंद, आणि बाकी सगळे तिला येऊन मिळते. डिजिटल साधनाने ही शिस्त उचलली तर विवाहाआधीचा दाखल्यांचा पत्रव्यवहार बराच वाचेल. पण ती शिस्त शंभर वर्षांहून जुनी आहे. यंत्र ती फक्त वेगाने पाळू शकते.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर. प्रश्न कमी करा म्हणणे म्हणजे जबाबदारी कमी करा म्हणणे नव्हे काय? बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ब्रिटनमधील स्वतंत्र आयोगाने २०२० मध्ये अँग्लिकन चर्चवर कठोर ठपका ठेवला. मुलांपेक्षा संस्थेची अब्रू जपली गेली, असा त्याचा आशय होता. अशा संस्थेला तक्ते कमी करण्याचा हक्क काय? हक्क नाही, हे मान्य. पण त्या अपयशाचे स्वरूप पाहायला हवे. मुलांवर अत्याचार करणाऱ्या जॉन स्माइथच्या प्रकरणावरील अहवालानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. त्या अहवालाचा मुख्य निष्कर्ष असा होता की २०१३ मध्ये चर्चच्या वरच्या वर्तुळात माहिती पोहोचली होती. ती रीतसर पोलिसांपर्यंत नेली असती तर गुन्हेगाराला न्यायासमोर आणता आले असते. माहितीचा रकाना रिकामा नव्हता. तो वाचून उठणारा माणूस नव्हता. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर कोणीतरी कृती करणार आहे तो प्रश्न दहा वेळा विचारावा. ज्याचे उत्तर फक्त फायलीत जाते, तो त्या महत्त्वाच्या प्रश्नावरचे लक्ष उडवतो. संरक्षणाचे काम धर्मगुरूच्या शनिवारी रात्रीच्या तक्त्यावर न सोडता प्रशिक्षित आणि चर्चच्या सत्तेपासून स्वतंत्र माणसांकडे द्यावे, हा सुलभीकरणाचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप धर्मशास्त्राचा आहे. कारभार हेही सेवाकार्यच. पैसा आणि इमारत नीट सांभाळणे ही नैतिक गोष्ट आहे. धर्मगुरूने त्यातून अंग काढून घेऊ नये. इ.स. ५९० मध्ये पोप झालेला महान ग्रेगरी कारभाराच्या भाराबद्दल कळवळून लिहितो, आणि तोच सिसिलीतल्या चर्चच्या शेतजमिनींविषयी बारीकसारीक सूचना पाठवतो, कारण त्या उत्पन्नातून रोममधल्या गरिबांचे पोट भरायचे होते. आक्षेप खरा आहे, पण त्यातूनच माझा मुद्दा पुढे जातो. ग्रेगरीला ठाऊक होते की हे धान्य कोणासाठी आहे. ज्या कामाचा शेवट एखाद्या माणसाच्या ताटात दिसतो ते काम धर्मगुरूला थकवते, पण पोकळ करत नाही. पोकळ करतो तो तक्ता, ज्याचा शेवट कुठे होतो हे भरणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: धर्मगुरूचे काम सामान्य भाविकांवर ढकलले की प्रश्न सुटला, असे का मानायचे? तेही थकतात. हे अगदी बरोबर आहे. चर्चवॉर्डन आणि खजिनदार या जागा भरणे कठीण होत चालले आहे, आणि त्यामागे हेच कारण आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात अन्नवाटपाची तक्रार आल्यावर बारा प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले, या गोष्टीची अशा वेळी नेहमी आठवण करून दिली जाते. पण तिच्यातला तपशील वगळला जातो. ते काम कोणाच्या तरी गळ्यात घातले नव्हते. समुदायाने माणसे निवडली आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून त्यांना अधिकार दिला. अधिकाराशिवाय काम सोपवणे म्हणजे ओझे वाटणे नव्हे, ते फक्त सरकवणे झाले. आणि धर्मगुरूकडून निरर्थक काम काढून ते स्वयंसेवकाला दिले तर ते निरर्थकच राहते. म्हणूनच काम रद्द करणे आधी, आणि वाटणे नंतर.

६. आपल्या अंगणात

वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. तिथल्या किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही चर्चच्या धर्मगुरूसमोर प्रश्न विचारणारे एकाहून अधिक असतात. विवाहनोंदींसाठी १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा आहे. त्यात कॅथॉलिक विवाहांचे विवरण दर तिमाहीला निबंधकांच्या वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवण्याची तरतूद आहे. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तपासलेले हिशेब आणि विश्वस्त बदलला की बदल अर्ज. जिथे धर्मगुरू पदसिद्ध विश्वस्त असतो, तिथे ठरावीक वर्षांनी होणारी प्रत्येक बदली म्हणजे नवा बदल अर्ज. परदेशी देणगी येत असेल तर २०१० चा कायदा आणि त्यातली २०२० ची दुरुस्ती: दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खाते, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. शेवटच्या अटीतला विरोधाभास पाहा. नियम वाढवायचे आणि ते पाळण्यासाठी माणूस ठेवायचा खर्च कमी करायचा, म्हणजे तो माणूस धर्मगुरूच असणार हे ठरवून टाकायचे. हे सगळे ऑनलाइन भरता येते म्हणून यातला एकही विचारणारा कमी होत नाही.

पूजा आणि कारभार वेगळे करण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ ने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले. २००४ च्या कायद्याने शिर्डी संस्थानाचा कारभार विश्वस्त समिती आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे आला. तिथे पूजा करणाऱ्याने ताळेबंदावर सही करावी अशी अपेक्षा नाही. चर्चला हा नमुना जसाच्या तसा चालणार नाही, कारण ख्रिस्ती धर्मगुरूच्या कामात माणसे ओळखणे हाच गाभा आहे आणि नोंदवही ही त्या ओळखीची एक वाट आहे. बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आलेल्या तरुणाशी होणारे पाच मिनिटांचे बोलणे हे कारभारही आहे आणि भेटही. नेमके हे काम स्वयंचलित करून तक्ते मात्र धर्मगुरूकडे ठेवणे, ही सर्वांत वाईट वाटणी ठरेल. ऑनलाइनच्या उत्साहात तीच होण्याची भीती जास्त आहे, कारण दाखला यंत्राला जमतो, सही जमत नाही.

७. विचारणाऱ्यावर तीन अटी

म्हणून नियम विचारणाऱ्यावर घालायला हवेत. एक, प्रत्येक तक्त्यावर तो मागणाऱ्या अधिकाऱ्याचे पद असावे, आणि गेल्या वर्षीच्या उत्तरांवरून कोणता निर्णय झाला हे एका ओळीत लिहिलेले असावे. लिहिता आले नाही तर तक्ता बाद. दोन, प्रत्येक प्रश्नाला मुदत असावी. तीन वर्षांनी तो आपोआप संपावा, आणि हवा असेल तर धर्मप्रांताच्या सभेने पुन्हा मंजूर करावा. तीन, नवा प्रश्न आणणाऱ्याने जुना एक काढावा, आणि तो भरायला किती वेळ लागेल याचा अंदाज स्वतः भरून पाहून द्यावा. या तीन अटींतून जे उरेल त्यासाठी खुशाल उत्तमातले उत्तम सॉफ्टवेअर घ्यावे. उरणारे थोडे असेल, त्यामुळे ते स्वस्तही पडेल.

क्रॉमवेलच्या हुकुमातली पेटी येथे पुन्हा आठवते. तो हुकूम राज्याच्या सोयीचा होता, तरी त्याला एक गोष्ट समजली होती: नोंद ही एका माणसाची मालमत्ता नाही आणि एका माणसाचे ओझेही नाही. दोन कुलपे होती, म्हणून वही उघडायला दर रविवारी दोघांना एकत्र यावे लागे. आजच्या पोर्टलला एकच पासवर्ड असतो, आणि तो बहुतेक वेळा धर्मगुरूकडेच असतो.